घरातील मार केसपेपरवर कसा यावा: नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्रे व नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे,
नागपूर शहर व जिल्हा.

प्रत माहितीसाठी: जिल्हा परिषद व महानगरपालिका यांचे आरोग्य विभाग, नागपूर.

विषय: कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांची प्राथमिक स्तरावर विचारपूस, नोंद व पुढील मदत.

सप्रेम नमस्कार.

मी सेवानिवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका आहे. माझ्या नोकरीची सुरुवात उपकेंद्रावर झाली आणि शेवटची वर्षे शहरात गेली, त्यामुळे कुही-भिवापूरकडची ओपीडी आणि उत्तर नागपूरच्या वस्तीतली ओपीडी या दोन्ही मला आतून ठाऊक आहेत. हे पत्र तक्रारीचे नाही. घरात मार खाणारी बाई आपल्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसते तेव्हा तिला काय विचारावे, काय बोलू नये आणि विशेषतः काय लिहावे व कुठे लिहावे, याविषयी माझी काही मते नोकरीत पक्की झाली. निवृत्तीनंतर ती मोकळेपणाने मांडता येतात, म्हणून मांडत आहे. वरिष्ठ कार्यालयांना प्रत का दिली, ते पत्राच्या शेवटाकडे येईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. देशाचा आकडा सुमारे २९ टक्के आहे. याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा आपल्या कामाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ती थांबावी म्हणून कोणाची तरी मदत मागणाऱ्या स्त्रिया देशभरात अवघ्या १४ टक्के होत्या, आणि त्यांतल्याही बहुतेकींनी माहेरच्या माणसांना सांगितले. डॉक्टरला सांगणाऱ्या फारच थोड्या. म्हणजे दिवसाला साठ-सत्तर बायका तपासणाऱ्या केंद्रात अशा स्त्रिया रोजच येत असणार, पण त्या डोकेदुखी, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, झोप न लागणे, 'नुसतं कसंतरी होते' अशा तक्रारी घेऊन येतात आणि पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या व बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत जातात.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला तिला कारण द्यावे लागते, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अशा स्त्रियांना मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय बहुधा तिला माहीतही नसते, पण दवाखान्यात जाते म्हटले तर घरातून सहसा कोणी अडवत नाही. लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, पाळणा लांबवण्याचे साधन, मुलाचा ताप, सासूचा बीपी या निमित्तांनी ती वर्षातून अनेकदा आपल्याकडे येतेच. आपण तिचा संसार सुधारावा किंवा नवऱ्याला शिक्षा करावी अशी अपेक्षा कोणीच करत नाही. तिला एकटीला विचारणे, ती सांगेल ते ऐकून घेणे, तपासणे, नीट लिहिणे आणि पुढच्या माणसापर्यंत पोहोचवणे एवढे आपल्याकडून झाले पाहिजे, आणि हे मी उपचाराचाच भाग मानते. ज्या बाईचे डोके दर पंधरा दिवसांनी मारामुळे दुखते, तिला दर पंधरा दिवसांनी गोळ्या देत राहणे ही वैद्यकीयदृष्ट्याच चुकीची चिकित्सा आहे.

विचारायचे कोणाला, याबाबत गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत येईल त्या प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारण्याची शिफारस केलेली नाही. हिंसेशी संबंध असू शकेल अशी दुखणी वा जखमा दिसल्यास विचारावे, असे म्हटले आहे. सरसकट विचारणीमुळे अशा स्त्रिया ओळखण्याचे प्रमाण वाढते, पण त्यामुळे त्यांच्या वाट्याची हिंसा कमी झाल्याचा भक्कम पुरावा नाही, हे त्यामागचे कारण. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाचे मत वेगळे आहे आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांना विचारावे अशी त्यांची शिफारस आहे, पण तिकडे मदतीची जी पुढची साखळी गृहीत धरलेली असते ती आपल्याकडे तालुक्यागणिक बदलते. आपल्या परिस्थितीत मला पहिला मार्ग योग्य वाटतो. 'बाथरूममध्ये घसरले' असे सांगणाऱ्या बाईच्या कोपराखाली बाहेरच्या बाजूला वळ असतील, म्हणजे मार चुकवायला तिने हात आडवा केला असेल. काही वळ निळे आणि काही पिवळे पडलेले असतील. सांगितलेले कारण आणि जखम यांचा मेळ बसत नसेल. गरोदर बाई पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत नाव नोंदवायला आलीच नसेल. ओटीपोटात दुखणे वा लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल. गर्भपातासाठी वारंवार यावे लागत असेल. किंवा आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबतचा नवराच देत असेल, तर विचारलेच पाहिजे.

यात आणखी एका प्रसंगाचा मी आवर्जून उल्लेख करते, कारण आपल्या कपाशीच्या पट्ट्यात तो नवा नाही. शेतावरचे फवारणीचे औषध पिऊन बाई येते, तिचे पोट धुतले जाते, तिला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले जाते, ती वाचते आणि घरी जाते. यात 'हे का केले' असा प्रश्न रागावून अनेक जण विचारतात, पण 'घरी तुम्हाला काय होत होते' असे शांतपणे विचारणारा कोणी नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असेच गृहीत धरायला सांगितले आहे आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तिच्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने नातेवाईक खोटा इतिहास सांगत असतील, तर त्यांनाही ही माहिती द्यावी. बरी होऊन ती पाठपुराव्यासाठी आपल्याच केंद्रात येते, त्या वेळी तिला विचारणे आपल्या हातात असते.

आता जागेविषयी. मार्गदर्शक सूचनांत विचारण्यापूर्वीच्या ज्या किमान अटी आहेत, म्हणजे प्रशिक्षित कर्मचारी, ठरलेली कार्यपद्धती, खासगी जागा, गोपनीयता आणि पुढे पाठवण्याची सोय, त्यांतली खासगी जागा ही अट आपल्या इमारतींत सर्वांत अवघड असते. एकाच टेबलावर दोन रुग्ण आणि मागे रांगेतल्या चार बायकांची डोकी, अशा ठिकाणी हा प्रश्न विचारू नये. विचारला तर उत्तर 'नाही' येईल, आणि शिवाय तो प्रश्न संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोहोचेल. मात्र नवी इमारत होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. गरोदर बाईचे पोट तपासताना ती पडद्याआड असते आणि सासू बाहेर असते. लघवीचा नमुना द्यायला तिला एकटीलाच जावे लागते आणि तिच्यासोबत सिस्टरला जाता येते. ड्रेसिंगच्या खोलीत नातेवाइकांनी थांबू नये हा नियम केला तर त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. नवऱ्याला औषधाच्या खिडकीवर पाठवता येते. 'तपासणीच्या वेळी रुग्णाशिवाय आत कोणी नाही' हा नियम सर्व रुग्णांसाठी पाटीवर लिहून लावलेला बरा. मग तो एकाच बाईसाठी केला असे तिच्या घरच्यांना वाटत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. वीटभट्टीवर छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेल्या बायका असतात, रामटेक-पारशिवनीच्या जंगलाकडे गोंडी बोलणाऱ्या बायका असतात. अशा वेळी दुभाषी म्हणून तिच्या मुलाला, नणंदेला किंवा शेजारणीला बसवू नये. आपल्याच कर्मचाऱ्यांपैकी ती भाषा येणारे कोण आहे ते आधी पाहून ठेवावे.

विचारताना फार शब्द लागत नाहीत. 'बाई, असे वळ बहुतेकदा कोणी मारल्याने उठतात. तुम्हाला घरी कोणी मारते का?' किंवा 'घरच्या त्रासाने अशी दुखणी होतात हे आम्ही पाहतो. घरी कोणाची भीती वाटते का?' एवढे पुरते. 'तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का' या वाक्याला 'नाही' म्हणणारी बाई 'हात उचलते का' या प्रश्नाला मान डोलावते. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नये. पुन्हा कधी सांगावेसे वाटले तर इथे सांगता येईल, एवढे तिला कळवून ठेवावे. पुष्कळ बायका दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत बोलतात.

ती बोलली, तर पुढची पाच-सात मिनिटे आपल्याकडून जे बोलले जाते त्यावर ती पुन्हा येणार की नाही ते ठरते. 'तुम्ही काय केले होते?', 'नवरा प्यालेला असेल, मनावर घेऊ नका', 'पोरांकडे बघा', 'थोडे तुम्हीही समजून घ्या' ही वाक्ये चांगल्या मनाची, अनुभवी माणसेसुद्धा बोलून जातात. माझी विनंती आहे की ही वाक्ये आपल्या केंद्रात कोणीही उच्चारू नयेत. त्याऐवजी 'यात तुमची चूक नाही, मारायचा हक्क कोणालाच नाही' असे सांगावे, सध्या तिला कशाची गरज वाटते ते विचारावे आणि आज घरी परत जाणे सुरक्षित आहे का ते तपासावे. ती नवऱ्याला सोडणार आहे का, हे विचारणे आपले काम नाही. बरे, 'सोडून द्या त्याला' असा सल्ला देणेही तितकेच चूक आहे, कारण घर सोडण्याच्या सुमारास हिंसा वाढण्याचा धोका असतो आणि तो धोका आपल्याला नव्हे, तिला पत्करावा लागणार असतो.

धोका किती आहे याचा अंदाज काही प्रश्नांतून येतो. अलीकडे मार वाढला आहे का, हत्यार दाखवले का, जिवे मारण्याची धमकी दिली का, गरोदर असताना मारले का, आणि गळा आवळला का. शेवटच्या प्रश्नावर मी थोडे थांबते. गळा आवळल्यावर मानेवर खूण दिसेलच असे नाही. पुष्कळ वेळा काहीच दिसत नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत वा पापण्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणे, त्या वेळी कपड्यांत लघवी होणे ही लक्षणे विचारून, पाहून लिहावी लागतात. सूज काही तासांनी वाढू शकते आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर तिचे परिणाम नंतरही दिसू शकतात. शिवाय ज्या स्त्रीचा गळा एकदा आवळला गेला आहे, तिचा पुढे खून होण्याचा धोका इतर मार खाणाऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून 'मानेला काही नाही, घरी जा' असे न म्हणता तिला मोठ्या रुग्णालयात पाठवावे आणि चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहावे.

लिहिण्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

आपल्याकडे ओपीडीचा केसपेपर रुग्णाच्या हातात दिला जातो आणि तो घरी जातो. माता-बाल संरक्षण कार्डही घरीच असते. त्यावर 'नवऱ्याने मारले' असे लिहिले की ते वाचणारा पहिला माणूस बहुधा नवराच असतो. दुसरीकडे, काहीच लिहिले नाही तर दोन वर्षांनी ती न्यायालयात उभी राहील तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या शब्दाशिवाय काही नसेल, आणि आपल्या नोंदवहीत त्या दिवशी 'अंगदुखी' एवढेच असेल. या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या, तर घरी जाणाऱ्या कागदावर फक्त जखम व उपचार असावेत आणि सविस्तर नोंद केंद्रात, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कुलूपबंद कपाटातील स्वतंत्र कागदावर असावी. केसपेपरच्या कोपऱ्यात त्या नोंदीचा केवळ अनुक्रमांक असावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. आता नोंदी संगणकावर जाऊ लागल्या आहेत आणि आभा क्रमांकाला, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाला, मोबाइल जोडलेला असतो. अनेक घरांत तो मोबाइल नवऱ्याचा असतो. संगणकात काय भरायचे आणि संदेश कोणाच्या फोनवर जाणार, हे बाईला विचारल्याशिवाय ठरवू नये.

त्या स्वतंत्र कागदावर तिचे शब्द तिच्याच भाषेत यावेत: 'काल रात्री नवऱ्याने पाटाने पाठीवर मारले, असे रुग्णाने सांगितले.' 'कथित मारहाण', 'घरगुती भांडण', 'किरकोळ वाद' हे शब्द टाळावेत. पहिल्यात अविश्वास डोकावतो आणि उरलेल्या दोहोंत मारणारा माणूसच नाहीसा होतो. कोणी मारले, कशाने, केव्हा, याआधी कधी, हे यावे. शरीराची समोरून व मागून आकृती छापून ठेवावी आणि प्रत्येक जखमेची जागा, बाजू, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, रंग आणि दाबल्यावर दुखते का, हे तीवर मांडावे. जखम दिसत नसेल तर 'तपासणीच्या वेळी बाह्य जखम आढळली नाही' असे लिहावे, 'मारहाण झाली नाही' असा निष्कर्ष काढू नये. शेवटी तारीख, वेळ, सही आणि वाचता येईल असे नाव. न्यायालयात आपल्याला बोलावणे आले तरी घाबरण्याचे कारण नाही. जे पाहिले आणि जे ऐकले ते वेगवेगळे लिहिलेले असले की साक्ष सोपी जाते.

डॉक्टर मंडळींच्या मनातली भीती मला माहीत आहे. 'मी लिहिले तर पोलीस, न्यायालय, वस्तीतली माणसे सगळे माझ्यामागे लागतील.' कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम ७ नुसार पीडित स्त्रीने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा सेवा पुरवणाऱ्या संस्थेने मागणी केल्यास वैद्यकीय मदत देणे वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखाला बंधनकारक आहे. नियम १७ त्याहून नेमका आहे: घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत, असा अहवाल नसेल तर वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखाने नमुना १, म्हणजे ज्याला सारे डीआयआर म्हणतात तो कौटुंबिक घटनेचा अहवाल, भरून स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य द्यायची असते. हा नमुना आपल्या केंद्रात छापून ठेवलेला आहे का, हे आजच पाहावे. तो तिच्या मागणीने आणि तिच्या संमतीने भरायचा असतो. त्यावर सही केली म्हणजे नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला, असे होत नाही, हे तिलाही समजावून सांगावे. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम हे दंडाधिकाऱ्याकडून मिळणारे दिलासे आहेत.

या कायद्याच्या व्याख्येत मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही येतो. नवऱ्याने केलेली लैंगिक जबरदस्ती, पत्नी १८ वर्षांवरील असल्यास, भारतीय न्याय संहितेत बलात्कार ठरत नाही; पण या कायद्यात ती लैंगिक छळ ठरते आणि तिच्यासाठी दिलासा मागता येतो. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन वारंवार येणारी बाई पुष्कळदा हेच सांगू पाहत असते. मात्र बायको १८ वर्षांखालील असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती कळवणे बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेचे आश्वासन देऊन नंतर कळवणे म्हणजे त्या मुलीचा विश्वासघात होईल. म्हणून अल्पवयीन मुलीशी बोलण्यापूर्वीच आपल्याला काय कळवावे लागेल ते तिला सांगावे.

नवरासुद्धा आपलाच रुग्ण असतो, ही प्राथमिक केंद्रातली खास अडचण आहे. त्याच्या दारूसाठी उपचार जरूर द्यावेत, पण दारू सुटली की मार थांबेल असे बाईला आश्वासन देऊ नये. न पिणारेही मारतात. तिने सांगितलेले त्याच्यापर्यंत जाता कामा नये, खडसावण्याच्या हेतूनेसुद्धा नाही. दोघांना एकत्र बसवून समेट घडवण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. आपल्यासमोर तो मान खाली घालतो, 'चूक झाली मॅडम' म्हणतो, आणि तक्रार केल्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता होतो.

पुढे पाठवायचे कुठे, याची यादी केंद्रात असावी आणि ती भिंतीवर नव्हे, टेबलाच्या खणात असावी. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे सध्याचे नाव व क्रमांक तिच्यात हवा, कारण बदल्या होतात आणि जुना क्रमांक दिलेली बाई दुसऱ्यांदा फोन करत नाही. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता निवारा एका ठिकाणी मिळणे अपेक्षित आहे. अडचणीतल्या स्त्रियांच्या मदतीसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. हे पुष्कळ डॉक्टरांनाही माहीत नसते. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि तातडीसाठी ११२. क्रमांकाची चिठ्ठी घरी सापडण्याची भीती असेल तर तो केसपेपरवर औषधाच्या नावापुढे लिहून देता येतो किंवा तिच्याकडून पाठ करून घेता येतो. तिला आपण फोन करू नये. 'बीपी बघायला पुढच्या मंगळवारी या' हे बोलावणे कोणत्याही घरात चालते. आणि रेफर चिठ्ठी देऊन आपले काम संपत नाही. नरखेडच्या टोकाच्या गावातली बाई हातात चिठ्ठी घेऊन एकटी नागपूरला जाईल, असे मानणे म्हणजे तिला घरी पाठवणेच आहे. तिच्यासमोरच संरक्षण अधिकाऱ्याला फोन लावावा, वेळ ठरवावी आणि शक्य असेल तर भेट केंद्रातच घडवून आणावी.

रुग्णालयाच्या आतच असे काम चालू शकते, हे महाराष्ट्राने पूर्वीच करून दाखवले आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिका आणि आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या सेहत संस्थेने वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. तिथे बाह्यरुग्ण विभागातल्या परिचारिका व डॉक्टर अशा स्त्रियांना ओळखून त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवत आणि पुढे ते रुग्णालयाच्या नेहमीच्या सेवेचा भाग झाले. नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतील आणखी महापालिका रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली. आपल्या छोट्या केंद्रांत स्वतंत्र समुपदेशक बसवणे शक्य नाही, हे मान्य. पण आठवड्यातून एक ठरलेला दिवस, चार-पाच केंद्रांना मिळून एक समुपदेशक, एवढे झोनच्या वा तालुक्याच्या पातळीवर जमण्यासारखे आहे.

आशाताईंबद्दल दोन शब्द. त्या वस्तीतल्याच असतात, म्हणून त्यांना सगळे ठाऊक असते, आणि नेमके म्हणूनच त्यांच्याजवळ बोलायला बायका कचरतात. मारणारा माणूस उद्या आशाताईच्याच दारात शिव्या देत उभा राहील, ही भीतीही खरी आहे. म्हणून आशाताईला चौकशीला पाठवू नये, समेटाला तर नाहीच; बाईला तपासणीच्या निमित्ताने केंद्रापर्यंत आणणे एवढेच तिचे काम ठेवावे आणि माहिती तिच्याकडून आली हे बाहेर पडू देऊ नये. शिवाय आशा, एएनएम, सफाई कर्मचारी यांच्यातही घरी मार खाणाऱ्या बायका असतात. प्रशिक्षणात कोणी मध्येच उठून बाहेर गेली तर तिला परत बोलावू नये.

वृद्धांचा विषय मोठा आहे, इथे एवढेच सांगते की मधुमेह-बीपीच्या क्लिनिकमध्ये औषध संपूनही महिनाभर न आलेल्या आजीला, पेन्शन कोणाच्या हातात जाते हे एकटीला विचारून पाहावे. त्यांच्यासाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

आता वरिष्ठ कार्यालयांना विनंती, आणि प्रत त्यासाठीच आहे. या कामाचे लक्ष्य ठरवू नये. आपल्या खात्याची सवय मला माहीत आहे: एखादा विषय महत्त्वाचा ठरला की त्याचा रकाना मासिक अहवालात येतो, मग दर केंद्राला आकडा मिळतो, मग मार्चअखेर तो आकडा पूर्ण होतो. हिंसेच्या बाबतीत असे झाले तर घाईघाईने, चारचौघांत प्रश्न विचारले जातील, 'नाही'च्या रकान्यात खुणा पडतील आणि जी बोलली असती तिचेही तोंड बंद होईल. आकडा हवाच असेल तर तो बायकांचा मागू नका. किती केंद्रांत तपासणीची खासगी जागा आहे, किती ठिकाणी नमुना १ उपलब्ध आहे, किती वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांचे प्रशिक्षण झाले, संरक्षण अधिकाऱ्याचा क्रमांक चालू आहे की नाही, हे मागा. यातले प्रत्येक उत्तर प्रत्यक्ष जाऊन तपासता येते आणि त्यातून कोणत्याही बाईचे नाव बाहेर जात नाही.

दुसरी विनंती प्रशिक्षणाची. भाषणे आणि स्लाइड यांनी हे काम येत नाही. दोघींनी समोरासमोर बसून, एकीने रुग्ण आणि दुसरीने सिस्टर होऊन, वर लिहिलेले प्रश्न मोठ्याने विचारण्याचा सराव केला की पहिल्यांदा जीभ अडखळते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी सुटते. प्राथमिक केंद्राच्या मासिक सभेत यासाठी एक तास आणि त्यानंतर दर तिमाहीला अर्धा तास मिळाला तरी सुरुवात होईल. त्या सभेला तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना बोलवावे. एकमेकांचे चेहरे ओळखीचे असले की फोन उचलले जातात. ज्या केंद्रांना हा सराव घ्यावासा वाटेल त्यांच्याकडे मी येण्यास तयार आहे. प्रवासखर्चाची अपेक्षा नाही. सभेची तारीख आठवडाभर आधी कळवावी आणि नमुना १ च्या प्रती तेवढ्या काढून ठेवाव्यात.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका,
नागपूर